‘शकतो’वर सगळा भार नको: मे, माइट, कुड, मस्ट आणि शब्दावरचा जोर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावी, बेळगावात बी.कॉम., आणि आता उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात नोकरी. मे, माइट, कुड, मस्ट यांचे अर्थ पाठ आहेत, पण बोलायची वेळ आली की कुठला लावायचा ते सुचत नाही. त्यात गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या ग्राहकाला तुम्ही फोनवर ‘वी कॅन डिस्पॅच ऑन फ्रायडे’ म्हणालात, त्याने ‘कान्ट’ ऐकलं, ऑर्डर थांबवली आणि बोलणी तुम्हाला खावी लागली. तुम्ही विचारताय, आधी व्याकरण पक्कं करू की उच्चार सुधारू?

ताई, दोन्ही एकदमच करा. वरून दोन वाटल्या तरी या अडचणी मुळात एकच आहेत. एखाद्या गोष्टीची आपल्याला किती खात्री आहे, हे इंग्रजीत थोडं शब्दातून कळतं आणि थोडं आवाजाच्या वजनातून. शाळेत तुम्हाला शब्द मिळाले, वजन मिळालं नाही. आणि शब्द मिळाले तेही सगळे एकाच खुंटीला टांगलेले: कॅन म्हणजे शकतो, मे म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकला, माइट म्हणजे कदाचित शकतो. गाइडातल्या या चार ओळींनी आपल्या भागातल्या मुलांचं फार नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे. मी बेळगावात २२ वर्षं इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. येणारी बहुतेक मुलं तुमच्यासारखीच असतात: घरी मराठी, ऑफिसच्या कामाला आणि बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी, आणि इंग्रजी फक्त वहीत. पहिल्या दिवशी मी त्यांना वहीतलं ते पान दुमडून ठेवायला सांगते.

त्याऐवजी पावसाळ्यातला आपला बसस्टँड डोळ्यांपुढे आणा. शहरात कोरडं आहे, नुसतं ढगाळ. तेवढ्यात जांबोटीकडची बस आत येते. टपावरून पाणी गळतंय, काचा धुरकटलेल्या, उतरणाऱ्यांच्या छत्र्या निथळतायत. आपण काय म्हणतो? ‘जांबोटीला पाऊस पडत असणार.’ पाऊस आपण पाहिलेला नाही, पण पुरावा डोळ्यांसमोर आहे आणि दुसरं काही संभवत नाही. हाच मस्ट: ‘इट मस्ट बी रेनिंग इन जांबोटी.’

मग आपण पश्चिमेकडे बघतो. ढग आहेत, वारा पडलाय. ‘इकडेही येईल.’ नाहीही येणार. पुरावा अर्धामुर्धा आहे. इथे मे, माइट, कुड तिन्ही चालतात: ‘इट मे रेन हिअर टू’, ‘इट माइट रेन’, ‘इट कुड रेन’. या तिघांत काटेकोर फरक शोधण्यात तुम्ही वेळ घालवला असेल तर तो सोडून द्या. काही लोकांना माइटमध्ये खात्री किंचित कमी वाटते, जशी ‘येईल’पेक्षा ‘येईलही’मध्ये असते, पण रोजच्या बोलण्यात बहुतेक जण ते तोलून बघत नाहीत. बोलताना माइट आणि कुड जास्त ऐकू येतात, लिहिताना मे जास्त दिसतो. एक बंधन मात्र पाळा. प्रश्न विचारताना या अर्थाने मे वापरू नका. ‘मे इट रेन?’ असं कोणी म्हणत नाही. ‘कुड इट रेन?’ किंवा सरळ ‘डू यू थिंक इट विल रेन?’ असं विचारा.

आता अथणीला असलेल्या बहिणीचा फोन येतो आणि बोलता बोलता ती म्हणते, अंगणात कपडे वाळत घातलेत. म्हणजे तिकडे पाऊस असणं शक्यच नाही: ‘इट कान्ट बी रेनिंग इन अथणी.’ इथे माझे निम्मे विद्यार्थी घसरतात. मस्टचं उलट म्हणून ते ‘मस्ट नॉट’ करतात. साधारणपणे ‘मस्ट नॉट’ हा मनाईचा शब्द आहे, ‘करायचं नाही’ या अर्थाचा. ‘असणारच’ या मस्टच्या समोर उभा राहतो तो ‘कान्ट’. आणि ‘मे नॉट’, ‘माइट नॉट’ म्हणजे नुसतं ‘नसेल’. कपड्यांचं कळलं नसतं, फक्त अथणीकडे पाऊस कमी असतो एवढंच माहीत असतं, तर ‘इट मे नॉट बी रेनिंग इन अथणी’ म्हटलं असतं.

आणि कॅन? कॅन म्हणजे स्वभाव. कणकुंबीला जुलैत दिवसच्या दिवस पाऊस लागून राहतो, ते तिथलं वैशिष्ट्य: ‘इट कॅन रेन फॉर डेज इन कणकुंबी.’ पण ‘आज संध्याकाळी पडेल’ हा एका विशिष्ट वेळेचा अंदाज आहे, तिथे ‘इट कॅन रेन धिस ईव्हनिंग’ कानाला खटकतं. आपण ‘पडू शकतो’ दोन्हीकडे म्हणतो म्हणून ही चूक होते. एखाद्या गोष्टीचा कायमचा गुण सांगायचा असेल तर कॅन, आजचा-उद्याचा अंदाज असेल तर मे, माइट, कुड.

तुम्ही लिहिलंय की मस्ट म्हणजे ‘पाहिजे’ असं शिकलात, मग तोच शब्द ‘असणार’ या अर्थाने कसा येतो, हे डोक्यात बसत नाही. हे बसायला आपल्या सीमाभागातल्या माणसाइतकी सोय फार कमी जणांना आहे. आपण मराठीत म्हणतो, ‘तुला गेलं पाहिजे’, आणि आपणच म्हणतो, ‘दिवा चालू आहे, म्हणजे तो घरी असला पाहिजे’. पहिला पाहिजे कर्तव्याचा, दुसरा तर्काचा. शाळेतल्या व्याकरणात विध्यर्थ शिकलात तोही असाच: ‘मुलांनी खरं बोलावं’ आणि ‘तो आता पोहोचला असावा’, रूप एक आणि कामं दोन. आता कन्नड घ्या. ‘होगबेकु’ म्हणजे जायला पाहिजे, आणि ‘मन्याग इरबेकु’ म्हणजे घरी असणार. ‘होगबहुदु’ म्हणजे जायला हरकत नाही, आणि ‘बरबहुदु’ म्हणजे येईल कदाचित. मे या शब्दात परवानगी आणि शक्यता जशा एकत्र आहेत, अगदी तशाच ‘बहुदु’मध्ये आहेत. बसमध्ये, ऑफिसात तुम्ही रोज कन्नड ऐकताय. मस्टसाठी बेकु आणि मेसाठी बहुदु मनात ठेवून बघा. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांना बरं कन्नड येतं, त्यांना हा भाग एका तासात कळतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

भूतकाळासाठी फार काही लागत नाही, फक्त मध्ये हॅव्ह घाला आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. सकाळी रस्ता ओला दिसला: ‘इट मस्ट हॅव्ह रेन्ड लास्ट नाइट’, रात्री पडला असणार. मैत्रीण अजून आली नाही: ‘शी माइट हॅव्ह मिस्ड द बस’, चुकली असेल बस. कुडबद्दल तेवढं सांभाळा. ‘शी कुड हॅव्ह मिस्ड द बस’ म्हणजे चुकली असेल, पण ‘यू कुड हॅव्ह टोल्ड मी’ म्हणजे मला सांगू शकली असतीस, सांगितलं नाहीस. दुसऱ्यात तक्रार आहे. संदर्भाशिवाय हे ओळखता येत नाही, आणि इंग्रज माणसालाही संदर्भ लागतोच.

तुमच्या कामासाठी एक शब्द मी मुद्दाम या यादीत घालते: शुड. ग्राहकाला ‘द पार्सल माइट रीच यू ऑन मंडे’ लिहिलंत तर तो समजतो की तुम्हालाच काही माहीत नाही. निपाणीची गाडी वेळेवर सुटली असेल तर आपण म्हणतो, ‘आतापर्यंत पोहोचायला हवी.’ सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय, म्हणून अपेक्षा आहे. ‘इट शुड रीच यू बाय मंडे’ यात तो भरवसा आहे आणि हमीही नाही. डिस्पॅचच्या टेबलावर मला वाटतं हाच सगळ्यात जास्त कामाचा.

आता जोराकडे येते, कारण तुमचं नुकसान तिथे झालं.

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचं त्याचं माप देतो. दीर्घ असेल तर लांब, ऱ्हस्व असेल तर आखूड, आणि जोर इकडचा तिकडे झाला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. कन्नडचंही तसंच. इंग्रजीत शब्दातलं एक अक्षर उभं राहतं आणि बाकीची त्याच्यासाठी बसतात. दहावीला वृत्त ओळखताना लघु-गुरूच्या खुणा केल्या होत्या ना, लघूला अर्धचंद्र आणि गुरूला आडवी रेघ? त्याच खुणा इथे वापरा. फरक एवढाच की मराठीत गुरू कोण हे लिखाणावरून ठरतं, इंग्रजीत ते जोरावरून ठरतं.

फोटोग्राफी हा शब्द घ्या. देवनागरीत लिहिला की तो डोळ्यांना सगळा गुरूच दिसतो, म्हणून आपण चारही अक्षरं सारखीच दाबतो. इंग्रज माणूस म्हणतो ‘फ-टॉग्-र-फि’: टॉ एकटा गुरू, बाकी तीन लघु. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्यावर, ‘फो-ट-ग्राफ’. फोटोग्राफिकमध्ये तो तिसऱ्यावर जातो, ‘फो-ट-ग्रॅ-फिक’. मूळ एकच, आणि जोर सरकला की आजूबाजूचे स्वरही बदलतात. फोटोग्राफमधला ठसठशीत फो फोटोग्राफीत नुसता ‘फ’ होऊन जातो.

यात मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे. इंग्रजीतल्या बिनजोराच्या अक्षरांत बहुतेकदा जो पुसट स्वर येतो, तो आपल्या ‘कमळ’मधल्या क आणि म यांच्यात आहे तसलाच साधा अ. बऱ्याच भाषांच्या लोकांना तो स्वर मुद्दाम शिकावा लागतो, आपल्या तोंडात तो जन्मापासून आहे. फक्त स्पेलिंगकडे बघून आपण त्याला ओ किंवा ए करून टाकतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना शब्द कानाप्रमाणे देवनागरीत लिहायला लावते. तुमच्याच टेबलावरचे शब्द बघा. कॉम्पोनंट आपण पहिल्या अक्षरावर दाबून म्हणतो. तो आहे ‘कम-पो-नंट’, जोर पो वर. सर्टिफिकेट आहे ‘सर्-टि-फि-कट’, जोर टि वर, आणि शेवटी केट नाही, कट. इक्विपमेंटमध्ये जोर क्विप वर. डिलेमध्ये ले वर. पर्सेंटमध्ये सेंट वर. इन्व्हॉइसमध्ये मात्र इन वर. वहीचं एक पान अशा २० शब्दांना द्या, प्रत्येकाच्या डोक्यावर लघु-गुरूची खूण करा. व्याकरणाच्या जाड पुस्तकापेक्षा त्या पानाचा तुम्हाला जास्त उपयोग होईल.

नियम आहेत, पण थोडेच भरवशाचे. शब्दाच्या शेवटी ‘शन’ किंवा ‘इक’ आला की जोर जवळजवळ नेहमी त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर: सर्टिफिकेशनमध्ये के वर. ‘इटी’ने संपणाऱ्या शब्दांतही जोर इटीच्या आधी, जसा इलेक्ट्रिसिटीमध्ये ट्रि वर. दोन अक्षरी काही शब्द नाम असताना पहिल्यावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर जोर घेतात: इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, रेकॉर्ड, परमिट, इन्क्रीज. ‘द एक्स्पोर्ट ऑर्डर’मध्ये एक्स जड, ‘वी एक्स्पोर्ट टू जर्मनी’मध्ये पोर्ट जड. पण रिपोर्टला हे लागू नाही, तो दोन्हीकडे पोर्ट वरच. त्यामुळे नियमावर विसंबण्यापेक्षा नवीन शब्द मोबाइलच्या शब्दकोशात ऐकून घ्यायची सवय लावा. शब्दकोशात जोराची जी छोटी उभी रेघ वर दिसते, ती ज्या अक्षराच्या आधी असते त्याच्यावर जोर असतो. ती नंतर असते असं धरून अख्खी यादी उलटी पाठ केलेले विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात.

आता तुमचा तो फोन. ‘वी कॅन डिस्पॅच’ म्हणताना तुम्ही, आपल्याकडे सगळे म्हणतात तसं, कॅन ठासून म्हणालात. तुम्हाला वाटलं, आपण खात्री देतोय. पण इंग्रजी कानाला होकारार्थी वाक्याच्या मधला कॅन ऐकायची सवय असते ती पुसट, ‘कन’ अशी. जोर पुढच्या क्रियापदावर असतो: ‘वी कन डिस्-पॅच’, पॅच वर जोर. उलट नकाराचा शब्द ते ठासून, पूर्ण स्वरासह म्हणतात. आणि अमेरिकेत त्याचा स्वर ‘कान्ट’मधला आ नसतो, कॅनमधलाच ॲ असतो. शेवटचा ट पुष्कळदा घशातच राहतो. म्हणजे त्यांचा नकार जवळजवळ तुमच्या ठासून म्हटलेल्या ‘कॅन’सारखाच वाजतो. त्या माणसाने ट शोधलाच नाही, त्याने वजन ऐकलं. तुमचं व्याकरण बरोबर होतं. कुणी तुम्हाला इंग्रजी येत नाही असं म्हणालं असेल तर ते मनाला लावून घेऊ नका.

यावर उपाय करता येतात. मधला कॅन हलका करा. नकार द्यायचा असेल तर फोनवर तोडून ‘कॅनॉट’ म्हणा, त्यात गैरसमजाला जागा नाही. वाक्याच्या शेवटी आलेला कॅन, म्हणजे ‘येस, वी कॅन’ यातला, पूर्णच म्हणायचा. तिथे तो हलका होत नाही. हेच मस्ट हॅव्ह, माइट हॅव्ह यांचं. ते वेगाने बोलतात तेव्हा हॅव्ह विरघळून ‘मस्टव’, ‘माइटव’ असं ऐकू येतं. तुम्हाला हॅव्ह ऐकू येत नाही म्हणून काळाचा घोळ होतो. स्वतः बोलताना इतकं विरघळवायची गरज नाही, पण ऐकताना कानाला ते माहीत असायला हवं.

आणखी एक गोष्ट, ज्यात मराठी आणि इंग्रजीची वाट वेगळी होते. आपण भर द्यायला शब्दाला ‘च’ लावतो: तोच, आजच, येईलच. इंग्रजीत तो ‘च’ आवाजात असतो. ‘ही माइट कम’ सरळ म्हटलं तर ‘येईल कदाचित’. माइट दाबून म्हटलं तर ‘येईलही, पण धरून चालू नका’. ग्राहक जेव्हा ‘वी माइट नीड मोअर’ असं माइट दाबून म्हणतो, तेव्हा ती ऑर्डर समजून साहेबांना सांगू नका.

आकड्यांचं तेवढं सांगते, कारण डिस्पॅचमध्ये त्याने खरा घोटाळा होतो. फिफ्टीनमध्ये जोर टीन वर, फिफ्टीमध्ये फिफ वर. पण पुढे वस्तूचं नाव आलं, ‘फिफ्टीन बॉक्सेस’, की फिफ्टीनमधलाही जोर टीन सोडून फिफ वर येतो, आणि मग दोन्ही सारखे वाटायला लागतात. १५ आणि ५० च्या बाबतीत मी उच्चारावर अजिबात भरवसा ठेवत नाही. ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’ असे आकडे सुटे करून सांगा, आणि समोरच्याकडूनही तसे वदवून घ्या.

हे सगळं कितपत लागेल, ते तुम्ही कोणाशी बोलता यावर आहे. बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या ग्राहकाशी बोलताना जोर इकडेतिकडे झाला तरी क्वचितच अडतं, आपण सगळे साधारण एकाच पद्धतीने बोलतो आणि ती काही चूक नाही. परदेशी फोन रोजचे असतील तर जोराला पहिली जागा द्या. बँकेची परीक्षा द्यायची असेल तर पेपरात उच्चार कोणी ऐकत नाही, तिथे मस्ट, कान्ट आणि हॅव्हचीच तयारी करा. ब्रिटिश की अमेरिकन, हेही ग्राहक बघून ठरवा. बहुतेक शब्दांत जोर एकाच ठिकाणी असतो, अ‍ॅडव्हर्टाइझमेंटसारख्या थोड्यांत बदलतो.

सरावासाठी तुमच्याकडे खानापूर-बेळगाव बसचा प्रवास आहे, तो वाया घालवू नका. रोज तीन माणसं निवडा आणि मनात तीन अंदाज करा, प्रत्येकाला पुरावा जोडून. मांडीवर दवाखान्याची फाइल घेतलेली बाई: ‘शी मस्ट बी गोइंग टू द हॉस्पिटल.’ गळ्यात ओळखपत्र, हातात हेल्मेट, तरी बसमध्ये बसलेला मुलगा: ‘हिज बाइक माइट हॅव्ह ब्रोकन डाउन.’ दप्तर नसलेली शाळकरी मुलगी: ‘शी कान्ट बी गोइंग टू स्कूल.’ वाक्य मनात म्हणताना जिथे जोर आहे तिथे बोटाने पर्सवर टिचकी मारा. टिचक्या कमी हव्यात. सगळ्याच शब्दांवर पडत असतील तर तुम्ही अजून मराठी मापाने बोलताय. माझ्याकडच्या मुलांना रोज अर्धा तास दिला तर साधारण तीन महिन्यांत फोनवर फरक दिसतो. कुणाला दोन लागतात, कुणाला पाच.

त्या अमेरिकन ग्राहकाचा पुढचा फोन येईल, त्याआधी एक वाक्य तयार ठेवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून दहा वेळा ऐका: ‘येस, वी कन डिस्पॅच ऑन फ्रायडे, अँड इट शुड रीच यू बाय वेन्झडे.’ टिचक्या पाच: येस, पॅच, फ्राय, रीच, वेन्झ. कन तर त्यात नाहीच. आणि फोन ठेवण्याआधी त्याच्याकडून वार वदवून घ्या: ‘सो, फ्रायडे इज कन्फर्म्ड?’